स्वावलंबी विद्यार्थ्याने वडील कसे निवडावेत

अलीकडे काही तरुण मंडळींचा एक समज झालेला दिसतो. आपण रात्री दहा ते सकाळी सहा पेट्रोल पंपावर उभे राहतो, कॉट बेसिसच्या खोलीचे भाडे स्वतः भरतो, मेसचा डबा स्वतःच्या पैशांनी लावतो आणि परीक्षा शुल्कासाठीही कुणापुढे हात पसरत नाही, त्या अर्थी उच्च शिक्षणासाठी शासन जे आर्थिक साहाय्य देते त्यावर आपला हक्क इतरांपेक्षा काकणभर अधिकच असला पाहिजे, असे त्यांना वाटते. हा समज वेळीच दूर व्हावा आणि तुम्ही रीतसर मार्गाने, म्हणजे सेतू केंद्राच्या मार्गाने, पात्र ठरावे, एवढ्याच तळमळीने हा मार्गदर्शनपर लेख लिहीत आहे. पुण्यात पदवीची तीन वर्षे मी याच पद्धतीने काढली असल्यामुळे येथे सांगितलेले बरेचसे उपाय मी स्वतःवर करून पाहिलेले आहेत.

सर्वप्रथम, योजनांच्या नावांनी भुलून जाऊ नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आहे. या दोन्ही नावांतील ‘स्व’ पाहून, ज्याचा आधार तो स्वतःच आहे अशा विद्यार्थ्यासाठी ही सोय असावी असे वाटणे व्याकरणाला धरून आहे, पण प्रशासनाला धरून नाही. शासकीय वसतिगृहात अर्ज करूनही ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी या योजना आहेत. म्हणजे आधी वसतिगृहाचा नकार मिळवायचा आणि मग तो पात्रता म्हणून पुढे करायचा. सारे जमले तर स्वाधारमधून पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यांपैकी भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० अशी विभागणी ठरलेली आहे. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये झाले. सदाशिव पेठेत एवढ्या पैशांत कॉट मिळत नाही, तरी कॉटचे दोन पाय मिळण्यास हरकत नसावी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तुम्ही स्वतः किती कमावता, किती खर्च करता आणि महिनाअखेरीस डब्याचे पैसे कुणाकडून उसने घेता, यात शासनाला रस नाही. शासनाला रस आहे तो तुमच्या वडिलांत. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरताना वडील हयात आहेत का, असा एक प्रश्न येतो आणि त्याला ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय असतात. ‘हयात आहेत, पण दुसऱ्या वर्षापासून पैसे पाठवणे त्यांना जमलेले नाही’ किंवा ‘हयात आहेत, पण मी भांडून घराबाहेर पडलो आहे’ असा तिसरा पर्याय मी बराच वेळ शोधला. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलाने अखेर हात पुढे करून माझ्यासाठी ‘होय’ दाबले. त्या क्षणी माझे स्वावलंबन संपुष्टात आले आणि पुढचे सात रकाने वडिलांनी व्यापले.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत तर हे फार स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलेले आहे. आई-वडिलांपैकी एक जण जरी हयात असला, तरी उत्पन्न त्यांचेच धरायचे. घरातले दुसरे कुणी कमावत असले तरी ते मोजायचे नाही. मुलींच्या बाबतीत मात्र नियमकर्त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवला आहे. विद्यार्थिनी विवाहित आणि बेरोजगार असेल, तर वडिलांऐवजी पतीचे उत्पन्न धरले जाते. तेव्हा वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला मिळण्यात फारच अडचण येत असेल, तर भगिनींनी अडीच लाखांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेच्या आत बसणारे एखादे स्थळ पाहून ठेवावे. नंतर नाव बदलल्यामुळे गुणपत्रिका, आधार आणि जातीचे प्रमाणपत्र यांवर तीन वेगवेगळ्या मुली दिसू लागतील आणि त्यांना एकत्र आणण्यासाठी राजपत्रापर्यंत जावे लागेल, पण एवढे तर कुठल्याही लग्नात चालायचेच.

वडील निवडताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पगारदार वडील शक्यतो टाळावेत, कारण त्यांच्याकडे फॉर्म १६ नावाचा कागद असतो आणि तो कधीच खोटे बोलत नाही. अडीच लाखांची मर्यादा म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये. शाळेत शिपाई असलेल्या गृहस्थांना चौतिसावा रुपया मिळाला की ते श्रीमंत होतात आणि त्यांच्या मुलाने गर्भश्रीमंताप्रमाणे वागण्यास सुरुवात करावी, अशी अपेक्षा असते. याउलट ज्यांचा पंधरा एकर ऊस उभा आहे आणि ज्यांची बोलेरो बांधावर लावलेली असते, अशा वडिलांचे उत्पन्न दाखल्यावर पुष्कळदा एखाद्या वेठबिगाराला लाजवील इतके विनम्र असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दाखल्यावरचा आकडाही साधारण तेवढाच असतो. त्याच्या बाबतीत तो योगायोगाने खरा असतो, एवढाच काय तो फरक.

माझे वडील या दुसऱ्या प्रकारातले, म्हणजे योगायोगाने खरे. दाखला ज्या तालुक्यात घर त्याच तालुक्यात मिळतो, म्हणून मी दोन रात्रींची हजेरी बुडवून एसटीने गावी गेलो. पेट्रोल पंपावरच्या पगाराचे कागद मी मोठ्या अभिमानाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेले होते. सेतू केंद्रातल्या ऑपरेटरने ते पिशवीतून बाहेरही काढू दिले नाहीत.

“वडिलांचं उत्पन्न सांग.”

“माझं सांगतो. महिन्याला नऊ हजार.”

“तुझं कुणी विचारलं? तू शिकतोस ना?”

“स्वतःच्या पैशांवर शिकतो.”

“त्याला रकाना नाही,” तो म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट थोडी सहानुभूतीच होती. मग त्याने सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल घेऊन यायला सांगितले.

शासनाने २०२४ मध्ये तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नामकरण केले आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. नाव बदलल्यानेही ते सजेवर भेटण्याचे प्रमाण मात्र वाढलेले नाही, कारण एकेका भाऊसाहेबांकडे दोन-तीन सजांचा कार्यभार असतो आणि ते नेहमी त्यांपैकी दुसऱ्या सजेवर असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडले. त्यांनी माझ्याकडे, मग वडिलांच्या धोतराकडे पाहिले आणि ४८,००० हा आकडा लिहिला. पुढे पंधरवड्याने दाखला हाती पडला, तेव्हा मी त्यावरचा मजकूर दोनदा वाचला. वर्षाला १,०८,००० रुपये कमावणाऱ्या मला, वर्षाला ४८,००० रुपये मिळवणारे माझे वडील पुण्यात ठेवून शिकवत होते, असा त्या सहीशिक्क्याचा सरळ अर्थ होता. वडिलांविषयी माझा आदर त्या दिवशी दुणावला. दाखल्याच्या तळाशी तो ३१ मार्चपर्यंत वैध असल्याचे लिहिलेले होते. त्यामुळे एक एप्रिलला आमची गरिबी संपली आणि जूनमध्ये ती सिद्ध करण्यासाठी मला पुन्हा एसटी धरावी लागली.

स्वावलंबनाची खोड ज्यांना फार लवकर लागते, त्यांना आणखी एक सूचना करून ठेवतो. बारावीनंतर शुल्काचे पैसे साठवण्यासाठी दोन वर्षे कुठे नोकरी करण्याचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्या. शासनाच्या भाषेत यास कष्ट असे न म्हणता ‘गॅप’ म्हणतात, आणि मधल्या काळात तुम्ही कुठे होता याचे शपथपत्र द्यावे लागते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत तर अभ्यासक्रम सुरू असताना दोन वर्षांचा खंड पडला की पात्रताच जाते. पैसे नाहीत म्हणून शिक्षण थांबवले, तर शिक्षण थांबवले म्हणून पैसे नाहीत, इतकी ही रचना बांधेसूद आहे. ज्यांच्या नावे ही शिष्यवृत्ती आहे, त्या राजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली, तेव्हा आलेल्या पोरांना गॅप सर्टिफिकेट मागितल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

तसेच शिकण्याच्या शहरात फार रुळू नका. खोली बदलताना प्रत्येक वेळी अडचण नको म्हणून आमच्या मेसमधल्या एका मित्राने आधारवरचा पत्ता पुण्याचा करून घेतला आणि त्याच दिवशी तो कागदोपत्री पुणेकर झाला. स्वाधारच्या नियमानुसार शिक्षणाच्या ठिकाणचा स्थानिक रहिवासी अपात्र ठरतो. स्थानिक नाही हे दाखवायचे तर भाड्याने राहत असल्याचा करार हवा, आणि कॉट बेसिसवर सहा जणांना कोंबणारे घरमालक जेवढ्या तत्परतेने डिपॉझिट घेतात तेवढ्या तत्परतेने भाडेकरार देत नाहीत. माझ्या मित्राने घरमालकीण काकूंकडे करार मागितला, तेव्हा त्यांनी त्याला अत्यंत शुद्ध मराठीत दुसरी खोली पाहण्यास सांगितले.

अमेरिकेत राहणारे आपले काही बांधव म्हणतील की, तिकडे हा प्रश्न सोडवलेला आहे. तिकडच्या केंद्र सरकारच्या मदतीच्या अर्जात चोवीस वर्षे पूर्ण झालेला, विवाहित, सैन्यात सेवा केलेला किंवा स्वतःचे मूल सांभाळणारा विद्यार्थी स्वतंत्र मानला जातो आणि त्याच्या आई-वडिलांची मिळकत विचारली जात नाही. पालकांनी खर्च देणे बंद केले, एवढे कारण मात्र तिथेही पुरत नाही. एकविसाव्या वर्षी स्वतःचे पोट भरणाऱ्या मुलाने एक तर तीन वर्षे थांबावे, नाही तर बोहल्यावर चढावे. तरी त्या देशात वडील चोविसाव्या वर्षी संपतात हे मान्य केले पाहिजे. आपली कुटुंबव्यवस्था त्याहून चिवट आहे.

शिष्यवृत्ती नको, कर्जच काढतो, असा बाणेदार विचार कुणाच्या मनात आला असेल तर त्याचे कौतुक करून एवढेच सांगतो की, शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेल्यावर सहकर्जदार म्हणून सही कोण करणार, असा प्रश्न येतो. तिथेही वडीलच लागतात.

राहता राहिला ‘कमवा आणि शिका’चा मार्ग. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असे म्हटले आणि पोरांच्या हातात कुदळ-फावडे देऊन ते खरे करून दाखवले. दर वर्षी कर्मवीर जयंतीला मान्यवर पाहुणे हे ब्रीद घोषित करतात, तेव्हा सभागृहात मागच्या रांगेत रात्रपाळी करून आलेली चार-पाच मुले झोपलेली असतात. त्यांना उठवू नये. ७५ टक्के उपस्थितीची अट पूर्ण करण्यासाठीच ती तेथे आलेली असतात.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष अर्ज भरणे हा हातचा मळ आहे. प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवायचा असतो. झेरॉक्सवाल्याने तो इतका बारीक केला की, दाखल्यावरील तहसीलदारांची सही आणि एखादी मेलेली माशी यांत फरक करता येत नाही आणि अर्ज ‘कागदपत्र अस्पष्ट’ या शेऱ्यासह परत येतो. तो पुन्हा भरावा. मग तो महाविद्यालयातील लिपिकाच्या लॉगिनमध्ये जातो, तेथून प्राचार्यांच्या आणि तेथून विभागाच्या. या काळात दर आठवड्याला कार्यालयाच्या खिडकीत जाऊन ‘सर, माझा फॉर्म कुठे आहे?’ असे विचारण्याचा प्रघात आहे. मी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा खिडकीतले गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, “पालकांना घेऊन ये.”

पैसे थेट खात्यात येतात, या वाक्याविषयी मात्र सावध असावे. ते खात्यात येतात हे खरे. कोणत्या खात्यात, हे आधार ठरवते. आधारशी जे खाते शेवटी जोडले गेले असेल त्यात रक्कम जाते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खाते शाळेत असताना गावातल्या शाखेत उघडलेले असते, त्याचे पासबुक आईच्या पेटीत असते आणि कार्ड वडिलांच्या बंडीच्या खिशात. माझा निर्वाह भत्ता तिसरे वर्ष संपता संपता मंजूर झाला. मंजुरीचा संदेश आला तेव्हा मी पंपावर एका ट्रकमध्ये डिझेल भरत होतो, आणि सकाळी पाळी संपताच बँकेत जायचे असे मनाशी ठरवत होतो. पहाटे साडेपाचला वडिलांचाच फोन आला.

“सरकारचे पैसे आले होते बरं का तुझे. काल तालुक्याला गेलो होतो, काढले. सोसायटीचं कर्ज भरून टाकलं, मार्चअखेर होती.”

मी काही बोललो नाही, तेव्हा ते जरा थांबले आणि मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुला काय लागतंय रे. तू तर तुझ्या पायावर उभा आहेस.”