टेरी श्रोडर यांची पदकं : सुवर्ण नव्हे, रौप्य

‘१९८४चे ऑलिम्पिक सुवर्णविजेते टेरी श्रोडर कॉलेजात वॉटर पोलो शिकवू लागले आणि पुढे प्रशिक्षक म्हणून अमेरिकेलाही सुवर्ण मिळवून दिलं’ असा मेसेज फिरतोय. त्यातली पदकं चुकली आहेत.

श्रोडर खेळाडू म्हणून अमेरिकेच्या वॉटर पोलो संघात होते, आणि ऑलिम्पिकच्या अधिकृत निकालांत १९८४ आणि १९८८, दोन्ही वेळा या संघाला रौप्य आहे, सुवर्ण युगोस्लाव्हियाचं. १९८४ची निर्णायक लढत तर ५-५ अशी बरोबरीत सुटली होती, सुवर्ण गेलं ते गोलफरकावर! प्रशिक्षक म्हणून २००८ला बीजिंगमध्येही रौप्यच. अंतिम सामन्यात हंगेरीने १४-१०ने हरवलं.

कॉलेजातली कामगिरी मात्र अस्सल आहे. पेपरडाइन विद्यापीठाचा संघ त्यांच्याच हाताखाली १९९७मध्ये राष्ट्रीय विजेता झाला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.