इथेनॉल उडालं म्हणजे संपलं नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ई-२० पेट्रोलबद्दल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) एक मजकूर फिरतोय: “इथेनॉल उडालं की उन्हात काही मिनिटांत त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. उरलंसुरलं पाऊस धुऊन नेतो. उसापासूनचंच ते, हवेला त्रास नाही.”

ऊन इथेनॉलला थेट फोडतच नाही. जमिनीपर्यंत येणारा प्रकाश २९० नॅनोमीटरच्या वरचा असतो आणि तो इथेनॉलला शोषता येत नाही. त्याला गाठतो तो हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एकेक अणू असलेला, भेटेल त्याच्याशी चटकन भिडणारा तुकडा. हा मूलक मुख्यतः उन्हातच तयार होतो, म्हणून रात्री काम जवळपास ठप्प होतं. घनसेंटिमीटरमागे १० लाख मूलक धरले, तर इथेनॉलचं सरासरी आयुष्य साडेतीन दिवस येतं. ताशी १० किलोमीटरचा पश्चिमेचा वारा असला तर एका दिवसात ही वाफ सोलापूरपाशी पोहोचते.

खरी गफलत मात्र “पाणी आणि कार्बन डायऑक्साइड” या शब्दांत आहे. मधले टप्पे सरळ गाळलेत. मूलक इथेनॉलमधला एक हायड्रोजन ओढून नेतो, उरलेल्या तुकड्याला ऑक्सिजन भिडतो आणि दहातल्या नऊ रेणूंचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. सोबत सुटणारा एचओ२ मूलक (एक हायड्रोजन, दोन ऑक्सिजन) वाहनांच्या धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड करतो. तो उन्हात फुटला की ओझोन तयार होतो, आणि जमिनीलगतचा हा ओझोन श्वासाला त्रासदायक असतो. एप्रिलच्या दुपारी स्वारगेटला ऊन आणि धूर दोन्ही हजर असतात.

अ‍ॅसिटाल्डिहाइड साधारण दिवसभरात मोडतं. त्यातून काही वेळा डोळे चुरचुरवणारं पॅन, म्हणजे पेरॉक्सिअ‍ॅसिटिल नायट्रेट होतं, काही वेळा फॉर्माल्डिहाइड. फॉर्माल्डिहाइडपासून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि तो हवेत महिना-दोन महिने टिकतो. मिनिटांचा हिशेब इथेच कोसळतो.

पावसाचं म्हणाल, तर घनमीटरमागे १ ग्रॅम पाणी असलेल्या ढगात जेमतेम अर्धा टक्का इथेनॉल विरघळतं. बाकीचं वायूरूपातच राहतं.

आणि ऊस? त्याचा संबंध कार्बनच्या हिशेबाशी, म्हणजे ऊस वाढताना हवेतून घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडशी. ओझोन तयार होताना इथेनॉल कशापासून आलं याने काडीचाही फरक पडत नाही. पण म्हणून साधं पेट्रोल बरं असंही नाही. त्यातलं झायलीन ग्रॅममागे इथेनॉलच्या कितीतरी पट ओझोन घडवू शकतं.

वाफ बाहेर जाऊ न देणं हाच उपाय. पंपावर नोझल आपोआप बंद झालं की थांबा. “राउंड फिगर” करायला वरून ओतलेलं पेट्रोल कॅनिस्टरच्या (टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याच्या) कोळशात शिरतं आणि ओला झालेला कोळसा पुढची वाफ धरू शकत नाही. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं असेल तर तेही लगेच बदला.