डिपॉझिटचं काय?

‘पुणे काय, बेंगळुरू काय, भाडं जवळपास सारखंच, पगाराचा आकडा बघा आणि ठरवा’ हे ‘नोकरी पुण्यात की बेंगळुरूत’ या विषयावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. भाडं सारखं असेलही, पण डिपॉझिट? २०१४ साली बेंगळुरूच्या मराठहळ्ळीत १८ हजारांच्या टू-बीएचकेसाठी मालकाने १० महिन्यांचं मागितलं. १ लाख ८० हजार, तेही पहिला पगार हातात पडायच्या आधी! भावाकडून उसने घेतले. घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं. भिंतीला साधा खिळासुद्धा ठोकला नव्हता आम्ही. पुण्यात दोन महिन्यांवर भागलं होतं.

शिवाय गाडी. एमएच-१३ म्हणजे सोलापूर पासिंगची बाइक तिकडे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इकडच्या आरटीओची एनओसी काढा, मग तिथलं पासिंग, तिथला लाइफटाइम टॅक्स. आणि आम्हा सोलापूरकरांचा हिशोब आणखी वेगळा. पुण्याहून संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडली की उशिरा का होईना, रात्रीचं जेवण घरी. बेंगळुरूहून दिवाळीत उद्यान एक्सप्रेसचं तिकीट कन्फर्म झालं तर पेढे वाटायचे. (हवा मात्र बेंगळुरूचीच, त्यात वाद नाही.)