गोळी परस्पर बंद करू नका
कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखतात हे तुमच्या लेखात लिहिलंय ते खरंच आहे, पण तेवढं वाचून कुणी गोळी सोडू नये म्हणून लिहितेय. माझे सासरे ठाण्यात राहतात, अटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिनच घेतात. दोन्ही मांड्या इतक्या भरून यायच्या की स्टेशनच्या पुलावर कठडा धरून एकेक पायरी चढायचे. "गोळीच बाधतेय" असं घरात सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. निघालं थायरॉइड! तो कमी असला की कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. त्यावर उपचार झाले, स्टॅटिन तीच चालू आहे, आणि आता ते तलावपाळीला फेरी मारून येतात.

२०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात, स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंच्या तक्रारींपैकी ९० टक्क्यांहून जास्त तक्रारींचं कारण गोळी नव्हतं. गोळीनेच दुखत असेल तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. केमिस्टकडून क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक मात्र परस्पर आणू नका, काही स्टॅटिनचं प्रमाण त्याने रक्तात वाढतं. आणि अंगात एकदम अशक्तपणा येऊन लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.