सात आखूड भोंगे, एक लांब

क्रूझच्या जाहिरातीत एक जोडपं पांढरेशुभ्र कपडे घालून कठड्याला रेलून उभं असतं. तिचे केस वाऱ्यावर उडत असतात आणि त्याच्या हातात छोटी छत्री खोचलेला ग्लास असतो. त्या फोटोत आई-बाबा नसतात. असते, तर तिच्या कानाला घट्ट स्कार्फ बांधलेला असता आणि त्याच्या हातात ग्लासऐवजी कागदपत्रांची फाइल असती.

आमची क्रूझ टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून सुटणारी, आठवडाभराची, पश्चिम कॅरिबियनची. जमैकातलं फालमथ, मग ग्रँड केमन, मग मेक्सिकोचं कोझुमेल. ह्यूस्टनच्या घरापासून बंदर गाडीने तासाभरावर, त्यामुळे विमानाचा खर्च वाचला. डिसेंबर निवडला, कारण चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. सप्टेंबरात तिकिटं फार स्वस्त मिळतात असं जे कौतुकाने सांगतात, ते ती स्वस्त का मिळतात हे सांगत नाहीत.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कराड डेपोतून निवृत्त झाले. आजही कुठल्याही स्टेशनावर, विमानतळावर गेले की आधी वेळापत्रकाच्या फलकासमोर हात मागे बांधून उभे राहतात. त्यांचं मत साधं होतं. "जहाज म्हटलं तरी शेवटी गाडीच. वेळेवर सोडतात का बघू."

तिकिटाची किंमत ऐकून ते गप्प बसले. नंतर कळलं की तिकीट ही नुसती सुरुवात असते. टीप म्हणून माणशी रोज सोळा ते वीस डॉलर आपोआप बिलात चढतात, आठ वर्षांच्या नातवाच्या नावावरही. वायफाय वेगळं, कोक वेगळा, बाटलीतलं पाणीसुद्धा वेगळं. बाबा प्रत्येक आकड्याला रुपयांनी गुणत होते. शेवटी म्हणाले, "तिकिटात काय काय येतं तेवढं सांग. ते वसूल करायचं माझ्याकडे लागलं."

बंदरावर आमच्या पुढे एक अमेरिकन कुटुंब होतं. त्यांनी पासपोर्टऐवजी जन्माचे दाखले काढले आणि आत गेले. अमेरिकेतून सुटून त्याच बंदरात परत येणारी क्रूझ असेल, तर तिथल्या नागरिकांना जन्माचा दाखला आणि फोटोचं सरकारी ओळखपत्र एवढ्यावर जाता येतं. बाबांना हे सहन होईना. "जन्माच्या दाखल्यावर तीन देश? आमच्याकडे त्याच्यावर शाळेत घेताना चार वेळा परत पाठवलं होतं!" आपल्या आई-बाबांना मात्र पासपोर्ट आणि मल्टिपल एन्ट्री असलेला चालू व्हिसा लागतोच. सिंगल एन्ट्री असेल तर जहाज तुम्हाला घेऊन जाईल, पण परत अमेरिकेत कोण घेणार? शिवाय प्रत्येक बेटाचा नियम निराळा. तो बुकिंग करण्याआधीच कंपनीकडून आणि त्या त्या देशाच्या सरकारी साइटवरून पाहून घ्यावा. मैत्रिणीचा दीर "काही लागत नाही" म्हणाला, यावर जाऊ नये.

खरी परीक्षा सामान तपासणीची. आईने बॅगेत प्रवासाची विजेची किटली घातली होती. गरम होणारी कुठलीही वस्तू जहाजावर चालत नाही, कारण समुद्राच्या मध्यावर आग लागली तर पळायला जागा नसते. इस्त्री नाही, पाण्याचा रॉड नाही, आपला सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही नाही. किटली जप्त झाली, पावती मिळाली. मग निघाले बेसनाचे लाडू. घरी केलेलं खाणं आत नेता येत नाही, कारखान्यात सीलबंद केलेलं चालतं, असं त्या बाईने अगदी गोड आवाजात सांगितलं. म्हणजे चितळ्यांची बाकरवडी आत आणि आईच्या हातचे लाडू बाहेर. आईने त्या बाईकडे असं पाहिलं की मला तिची दया आली. लाडू कचऱ्यात टाकायचा प्रश्नच नव्हता. रांगेत मागेपुढे उभ्या असलेल्या लोकांना आईने ते वाटून टाकले. पुढे आठवडाभर टेक्सासची अनोळखी माणसं लिफ्टमध्ये आईला पाहून पोटावर हात फिरवत होती.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ खडकावर आपटली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची कवायतच झालेली नव्हती. तेव्हापासून ती सुटण्याआधीच उरकतात. हल्ली फोनवर चित्रफीत पाहायची, आपल्या ठरलेल्या जागेवर जाऊन हजेरी द्यायची, की झालं. सगळे उरकून बारकडे पळाले. बाबांनी मात्र आम्हा सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये उभं केलं आणि विचारलं, "धोक्याची खूण काय?" नातू म्हणाला, "सात आखूड भोंगे, एक लांब." नवऱ्याला सांगता आलं नाही. त्याला संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा विचारण्यात आलं.

आई-बाबांना बाल्कनीची खोली घेतली होती, आम्हाला आतली, बिनखिडकीची. आतल्या खोलीत दिवा मालवला की सकाळचे अकरा आणि रात्रीचे तीन यांत काही फरक उरत नाही. ती स्वस्त असते आणि झोप छान लागते. न्हाणीघर इतकं लहान की साबण पडला तर दार उघडून बाहेर यायचं, वळायचं आणि मग वाकायचं. संडास हवेच्या दाबावर चालतो. बटण दाबल्यावर जो आवाज येतो तो ऐकून आई पहिल्या दिवशी धावत बाहेर आली होती. स्प्रे नसतो. प्लॅस्टिकचा मग घरून न्यावा, त्याला कोणी जप्त करत नाही. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेले तर ओले टॉवेल टांगता येतात. आईने आमच्या फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती आणून आरशाशेजारी लावला होता.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा थंड वारा सुटला आणि मेक्सिकोचं आखात खवळलं. खोली घेताना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे कमी हलतं. मी त्यांची तशी घेतली होती, आमची जी स्वस्त होती ती. पोहण्यात बक्षिसं मिळवलेला माझा नवरा सकाळी नऊला आडवा झाला. जहाजावर अशा वेळी हिरवी सफरचंदं, कोरडी बिस्किटं आणि गोळ्या देतात. आईने आलेपाकाची वडी दिली. गोळीने बरं वाटलं की वडीने, यावर घरात अजून एकमत नाही.

चहाचं काय झालं ते सांगायलाच हवं. जहाजावर चहा म्हणजे कोमट पाण्याचा कप, बाजूला कागदी पुडी आणि दुधाच्या नावाने एक इवलीशी डबी. आईने पहिला घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. रात्री जेवणाच्या हॉलमध्ये आमच्या टेबलाचा वेटर मडगावचा निघाला. या जहाजांवर गोव्याची, मुंबईची माणसं पुष्कळ. गोव्यात घरटी एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, सापडतो. आईने मराठीत विचारलं, त्याने कोंकणीत उत्तर दिलं, आणि आमची ऑर्डर बाजूलाच राहिली. सात-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याला एकही सुट्टी नाही, घरी धाकटी मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो थर्मास घेऊन आला. कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरातला, आलं घालून उकळलेला चहा. "मावशी, फक्त कोणाला सांगू नका." आईने त्याला सीलबंद बाकरवडी दिली. शाकाहारी जेवणाचंही त्यानेच मार्गी लावलं. आदल्या रात्री हेड वेटरला सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात, भाजी येते. आयत्या वेळी सांगितलं तर उकडलेली ब्रोकोली येते.

समुद्रावरच्या दिवशी तरणतलावाशेजारच्या खुर्च्यांवर सकाळी सातपासून टॉवेल अंथरलेले असतात, माणूस एकही नसतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला आपलीच, असा माझा समज होता. अर्धा-पाऊण तास खुर्ची रिकामी राहिली तर टॉवेल उचलायचा, असा नियम फलकावर लिहिलेला होता. तो कोणीच पाळत नव्हतं. बाबांनी घड्याळ लावलं. पाऊण तास झाला की टॉवेलची व्यवस्थित घडी करायचे, बाजूच्या टेबलावर ठेवायचे आणि उभ्या असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला हाताने खूण करून बसवायचे. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांच्यामागे तीन बायका उभ्या होत्या, नंबर लावून.

फालमथला उतरताना जहाजावरचं फळ किंवा सँडविच खाली नेऊ देत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. कुत्रा हुंगतो. जमैकात पहिले हिंदुस्थानी मजूर १८४५ च्या मे महिन्यात ब्लंडेल नावाच्या जहाजातून आले. आमच्या टॅक्सीवाल्याची पणजी त्यांच्यामागून आलेली. कुठल्या गावची, त्याला माहीत नव्हतं, पण तिच्यापासून घरात रोटी चालत आली होती. बाजारात एका बाईपुढे हिरव्या पाल्याच्या जुड्या होत्या. टॅक्सीवाला म्हणाला, हा कॅलालू, जमैकाची लाडकी भाजी. आईने एक पान चुरगाळून वास घेतला. "अगं, हा तर माठ!" होताच तो. मग त्या दोघी लसूण आधी घालायचा की नंतर यावर बोलत बसल्या. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. आईने दोन जुड्या घेतल्याही, आणि ताजी भाजी जहाजावर नेता येत नाही म्हटल्यावर त्या टॅक्सीवाल्याच्या बायकोसाठी दिल्या. त्याला बजावलं, देठं टाकू नकोस.

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला असेल तर ते बंदर सरळ गाळतात, म्हणून तिथल्या सहलीचे पैसे आगाऊ कोणाला द्यायचे याचा विचार करावा. २०२५च्या एप्रिलमध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून धक्का नकोच म्हणून सांगितलं. बाबांना हे पटलं. गर्दीच्या गाड्या गावाबाहेरच थांबाव्यात, हे त्यांचं जुनं मत.

कोझुमेलमध्ये मात्र प्रकरण वेळेवर आलं. हिवाळ्यात ही बेटं टेक्सासच्या एक तास पुढे असतात, पण आमच्या जहाजाने आपली घड्याळं बदलली नाहीत. नवऱ्याचा फोन किनाऱ्यावर उतरताच स्वतःहून बेटाच्या वेळेवर गेला. बाबांचं घड्याळ अमेरिकेत आल्यापासून भारतीय वेळेवर आहे, कारण "गावाकडे आत्ता किती वाजलेत हे कळायला हवं." साडेतीनला सर्वांनी जहाजावर हजर राहायचं, जहाजाच्या वेळेने. आम्ही समुद्रकिनारी नारळपाणी पीत होतो. नवऱ्याच्या फोनवर साडेतीन वाजले आणि तो ओरडत उठला. बाबांनी मनगट पाहिलं. "ओरडू नकोस. रात्रीचे दोन वाजलेत. अजून दीड तास." आईने पर्समधून आपलं जुनं घड्याळ काढलं, जे तिने पहिल्याच दिवशी रिसेप्शनवरच्या घड्याळाला जुळवून ठेवलं होतं. "अडीच. चपला घाला." फोन विमानाच्या मोडवर टाकावा आणि एक स्वस्तातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावं. त्याने समुद्रावरच्या रोमिंगचं भयंकर बिलही टळतं.

डेकवरून मागे राहिलेल्यांची धावपळ बघणं हा क्रूझवरचा आवडता कार्यक्रम आहे. कंपनीच्या सहलीला गेलेल्यांसाठी जहाज थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर भटकणाऱ्यांसाठी थांबेलच असं नाही, त्यांनी पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. एक जोडपं पिशव्या सांभाळत धक्क्यावरून पळत येत होतं आणि वरून शेकडो लोक टाळ्या पिटत होते. बाबा टाळ्या वाजवत नव्हते. कठड्यावरून वाकून ते खच्चून ओरडले, "दोन सीट आहेत, येताहेत! डबल बेल देऊ नका!" जोडपं चढलं. शिडी उचलली. बाबांनी वेळ पाहिली. कुठली, ते विचारलं नाही.

परतीच्या दिवशी संकष्टी होती. जेवणाचे सगळे पैसे भरलेल्या जहाजावर आईचा उपास. बाबांना पोटात कळ आली असावी. "आजच्या दिवसाचे वजा करून देतील का, विचार." भाजलेला बटाटा, फळं, दाणे यांवर दिवस निघाला. रात्रीचा प्रश्न चंद्रोदयाचा. कालनिर्णयमध्ये चंद्रोदयाच्या वेळा होत्या, पण त्यांत मेक्सिकोचं आखात नव्हतं. मी रिसेप्शनवर जाऊन चंद्र कधी उगवेल ते विचारलं. त्या मुलीला वाटलं, आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. तिने दोन फोन केले आणि लाजत लाजत सांगितलं, नऊच्या सुमारास. जहाज वायव्येला चाललेलं, आमची बाल्कनी डाव्या अंगाला, तेव्हा वरच्या डेकवर मागच्या बाजूला जाणं भाग होतं. तिथे डीजे चालू. हिरव्या-निळ्या दिव्यांत शंभर माणसं नाचताहेत आणि मध्ये आई, हातात पाण्याचा कागदी ग्लास आणि फ्रिजवरचा गणपती. सव्वानऊ झाले. क्षितिजावर ढग. साडेनऊ झाले. बाबांनी घसा खाकरला आणि जुन्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चंद्र अर्धा तास उशिराने धावत आहे." पावणेदहाला तो आला. लाडू खाल्लेली एक बाई नाचता नाचता थांबली आणि आईने पाणी सोडलं तसं तिनेही आपल्या ग्लासातलं सोडलं. तिच्या ग्लासात पाणी नव्हतं.

घरी पोचल्यावर ईमेलने अभिप्रायाचा फॉर्म आला. वेटरने शेवटच्या रात्री हळूच सांगितलं होतं की दहापैकी दहा दिले तरच त्यांच्या उपयोगाचं, आठ म्हणजे नापास. बाबांचा मात्र नोकरीभराचा नियम, सातच्या वर कोणाला द्यायचे नाहीत, माणूस सुस्तावतो. त्यांनी चष्मा लावून सगळीकडे सात भरले. वक्तशीरपणाला साडेसात द्यायचे होते, तशी सोय नव्हती. आईने त्यांना फोन आलाय म्हणून बाहेर पाठवलं, खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "दहा कुठे दाबायचं ते दाखव."