सगळं तिकिटातच? नाही हो!

लेखात म्हटलंय की क्रूझचं तिकीट काढलं की पुढे खिशात हात घालावा लागत नाही, वाचून हसूच आलं. आम्ही दिवाळीत मुंबई-गोवा-मुंबई केली, आई-बाबा आणि पोरं धरून सहा जण. जेवण, पूल, रात्रीचे शो तिकिटात होते हे खरं, पण पोर्ट चार्जेस, जीएसटी वेगळे, वायफाय वेगळं, कोल्ड्रिंकसुद्धा जहाजावर खर्चासाठी मिळणाऱ्या कार्डावर, आणि पोरांनी ते कार्ड इतकं घासलं की उतरताना बिल बघून बाबा म्हणाले, यात रेल्वेने अजून एकदा गोवा झालं असतं!

शिवाय गोव्यात जहाज लागतं मुरगाव बंदराला, पणजी तिथून तीसेक किलोमीटर, म्हणजे टॅक्सी आलीच. फक्त आईचे गुडघे वाचले, बॅगा उचलणं नाही की जिने चढणं नाही, तेवढ्यासाठी परत जाईन.