ट्रेलर ओढण्याचा ‘८० टक्क्यांचा नियम’ चुकीचाच आकडा तपासतो

अमेरिकेत पहिला मोठा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘गाडीचं टो रेटिंग (कंपनीने ठरवलेली ओढायच्या वजनाची कमाल मर्यादा) बघ, त्याच्या ८० टक्क्यांच्या आतला ट्रेलर घे आणि निर्धास्त राहा.’ त्याला जोडून आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात. ट्रेलरचं वजन माहितीपत्रकात असतंच. गाडीचा मागचा भाग दबला तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ताणलेल्या बारांनी वजन वाटून देणारी जोडणी) किंवा एअर बॅग (मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावायची. आणि शंका असेल तर डिझेल घ्यायचं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या सल्ल्यावर विसंबून घेतलेली जोडी पहिल्याच सहलीला मर्यादेबाहेर जाऊ शकते.

आधी ८० टक्क्यांचंच पाहू. क्रू कॅब (चार दरवाजांची केबिन) असलेला एक हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सर्वांत हलक्या वर्गातला, पिकअप घ्या. टो रेटिंग ११,००० पौंड, म्हणजे नियमाप्रमाणे ८,८०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर चालायला हवा. आता ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावरच्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की प्रवासी आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन नको. हा त्या गाडीचा पेलोड. समजा तो १,५५० पौंड आहे. चांगल्या सजवलेल्या हाफ-टनमध्ये तो साधारण एवढाच भरतो. ट्रॅव्हल ट्रेलर सरळ चालायचा तर त्याच्या वजनाचे १० ते १५ टक्के हिचच्या बॉलवर (ट्रेलरचं पुढचं टोक टेकतं त्या गोळ्यावर) पडायलाच हवेत. याला टंग वेट म्हणतात आणि ते पूर्ण पेलोडमध्ये मोजलं जातं. ८,८०० पौंडांचे १३ टक्के म्हणजे १,१४४ पौंड. हिचचं डोकं आणि बार मिळून ९० पौंड. उरले ३१६. ड्रायव्हर धरून दोन धडधाकट माणसं बसली की गाडी भरली. मुलं, सायकली, कूलर, जळाऊ लाकूड यांना जागाच नाही.

म्हणून हिशेब उलटा मांडावा. पेलोडमधून चौघांच्या कुटुंबाचे ४९० पौंड, पिकअपमधल्या सामानाचे १५० आणि हिचचे ९० वजा करा. उरलेल्या ८२० ला ०.१३ ने भागा. उत्तर येतं ६,३०० पौंड. ८० टक्क्यांचा नियम ज्या गाडीला ८,८०० ची परवानगी देतो, ती या कुटुंबासह ६,३०० पौंडांचाच ट्रेलर नीट पेलते. सावधपणे ०.१५ ने भागलं तर ५,५०० च्या जवळपास. इंजिन अजून ओढायला तयार असतं, पण मागचा अॅक्सल, स्प्रिंग आणि टायर यांची मर्यादा आधीच संपलेली असते.

टो रेटिंग खोटं असतं असं मात्र नाही. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेचं जे२८०७ हे ओढण्याच्या चाचणीचं मानक कडक आहे. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या ११.४ मैलांच्या चढावर, ३७ अंश सेल्सिअसच्या वर तापमानात आणि एसी पूर्ण चालू ठेवून किमान वेग राखावा लागतो. मागे दोनच चाकं असलेल्या पिकअपसाठी तो ताशी ४० मैल आहे. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते सर्वांत आधी स्वीकारलं. पण त्या चाचणीत गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. तुमचं कुटुंब आणि सामान त्यात नसतं.

‘ट्रेलरचं वजन माहितीपत्रकात असतंच.’ तिथे असतं ते कोरडं वजन. टाकीत पाणी नाही, कपाटात भांडी नाहीत, बऱ्याचदा बॅटरी आणि गॅसही धरलेला नसतो. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले. २० पौंडी प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या मिळून सुमारे ७५ पौंड, आणि त्या बसतात बरोबर टंगवर. बॅटऱ्याही तिथेच. त्यामुळे पत्रकातलं ‘हिच वेट’ ६५० पौंड असलं तरी निघायच्या दिवशी बॉलवर ९०० पौंड भरले तर आश्चर्य नाही. हिशेब करताना ट्रेलरच्या बाहेरच्या स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा, हाच आकडा धरा. चार दिवसांचा तांदूळ, कुकर आणि खुर्च्या घेऊन निघणारं कुटुंब कोरड्या वजनावर कधीच प्रवास करत नाही.

‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावली की झालं.’ यात अर्धं सत्य आहे. बॉल मागच्या अॅक्सलच्या बराच मागे असतो. व्हीलबेस १२ फूट आणि बॉल अॅक्सलच्या ५ फूट मागे असेल, तर ९०० पौंडांच्या टंगमुळे पुढच्या चाकांवरून ३७५ पौंड उचलले जातात आणि मागच्या अॅक्सलवर १,२७५ पडतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्हींची पकड कमी होते. ही हिच त्यातलं काही वजन पुढच्या अॅक्सलवर परत आणते आणि काही ट्रेलरच्या अॅक्सलवर ढकलते. मोठ्या ट्रेलरला ती हवीच. पण तिने पेलोडचा किंवा अॅक्सलचा छापील आकडा बदलत नाही. रिसीव्हरवरचं (गाडीमागे हिच बसते त्या चौकोनी नळीवरचं) लेबलही वाचा: बऱ्याच पिकअपवर या हिचशिवाय ५,००० पौंड व ५०० पौंड टंग, हिचसह १०,००० व १,००० असे दोन वेगळे आकडे असतात. काही एसयूव्हींचं मॅन्युअल ही हिच लावायलाच मनाई करतं.

बसवताना पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा: ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर बार न ताणता आणि बार ताणल्यावर. वाढलेली उंची कितपत परत आणायची हे मॅन्युअल सांगतं. काही कंपन्या निम्मी सांगतात, काही पूर्ण. बार गरजेपेक्षा जास्त ताणले तर मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर मागचा भाग घसरू शकतो.

एअर बॅगबद्दल थोडक्यात: त्या दबलेला मागचा भाग वर उचलतात, एवढंच. मागच्या अॅक्सलवरचं वजन तेवढंच राहतं आणि पुढचं गेलेलं वजन परत येत नाही. गाडी सपाट दिसते, म्हणून धोका लपतो.

‘डिझेल घे.’ डिझेल इंजिन स्वतःच जड असतं. तीन-चतुर्थांश टनाचे, म्हणजे हाफ-टनच्या वरच्या वर्गातले, अनेक पिकअप १०,००० पौंडांच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या (भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाच्या) आत ठेवलेले असतात, त्यामुळे डिझेल, फोर-बाय-फोर आणि सनरूफ एकत्र आले की पेलोड २,००० च्या खाली येऊ शकतो. घाटात मात्र टर्बो असलेल्या डिझेलचा खरा फायदा आहे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर १,००० फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरच्या ११,१५८ फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. ८० टक्क्यांचा नियम कामाचा आहे तो इथे, चढावरच्या ताकदीपुरता.

पेलोड कमी पडतो म्हणून ट्रेलरमधलं सामान मागच्या टोकाला नेणं ही सगळ्यांत घातक युक्ती. टंग १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर हेलकावे खाऊ लागण्याचा धोका वाढतो. तसं झालं तर पिकअपचा ब्रेक दाबू नका आणि वेगही वाढवू नका. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ड्रायव्हरजवळच्या ब्रेक कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

खरा निकाल वजनकाट्यावर लागतो. महामार्गावरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. पूर्ण भरलेली जोडी, सगळी माणसं आत बसवून, तीनदा तोला: बार ताणून, बार सोडून, आणि ट्रेलर उतरवून फक्त गाडी. दुसऱ्या तोलातले गाडीचे दोन अॅक्सल वजा तिसऱ्यातलं गाडीचं वजन, हे झालं खरं टंग वेट. पहिल्या तोलातले दोन अॅक्सल मिळून गाडीच्या जीव्हीडब्ल्यूआरपेक्षा आणि प्रत्येक अॅक्सल त्याच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा कमी हवा. तिथेच एकूण बेरीज जीसीडब्ल्यूआरशीही (गाडी आणि ट्रेलर मिळूनच्या कमाल मर्यादेशी) ताडून पाहा. गाडी थोडीच जास्त भरली असेल, तर पिकअपच्या मागच्या भागातलं जड सामान ट्रेलरच्या अॅक्सलच्या बरोबर वर हलवा. गाडीवरचा भार उतरतो आणि टंग फारसं बदलत नाही. अर्थात ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरमध्ये तेवढी जागा हवी. फरक शेकडो पौंडांचा निघाला, तर लहान ट्रेलर किंवा मोठी गाडी याशिवाय तिसरा उपाय नाही.